घडवून आणलं की ओढवलं?

परवा संध्याकाळी भाची आली. अकरावीत आहे, शाळा गुजराती मीडियमची आणि घरात मराठी, बडोद्यातल्या आपल्या बऱ्याच घरांत असतं तसंच. दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत बसली आणि वही पुढे करून म्हणाली, "मावशी, ब्रिंग अबाउट म्हणजे काय गं, ब्रिंग म्हणजे आणणे आणि अबाउट म्हणजे विषयी, मग विषयी आणणे असं कसं होईल?"

प्रश्न चांगलाच आहे. फ्रेजल व्हर्बचे दोन तुकडे करून दोघांचे अर्थ जोडले की असंच होतं. हा शब्द आख्खा घ्यायचा, ब्रिंग अबाउट म्हणजे एखादी गोष्ट घडवून आणणे, ती घडायला कारण होणे. पण तिच्या गाइडमधली ओळ बघितली आणि मला जरा वाईटच वाटलं, कारण तिथे बरोबरची चिन्हं टाकून कॉज, लीड टू, रिझल्ट इन, गिव्ह राइज टू, ब्रिंग ऑन सगळे एका रांगेत बसवले होते, जणू कुठलाही उचला आणि कुठेही चिकटवा. तिने तेच केलं होतं. वहीत वाक्य होतं, "द पंक्चर ब्रॉट अबाउट मी लेट." आणि खाली मराठीत, "बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिक्षणात बदल लावला."

आधी ते लावला. गुजरातीत लाववुं म्हणजे आणणे, त्यामुळे तिच्या डोक्यात बदल लावला हे अगदी बरोबर होतं, पण मराठीत आपण लावतो ते झाड, कुंकू, नाहीतर दोघांत भांडण. मी म्हणलं, बदल घडवून आणला म्हण. आणि हे म्हणताना माझ्याच लक्षात आलं की आपल्या मराठीत ह्या इंग्रजी शब्दाचा किती हुबेहूब जोडीदार बसलाय! घडून येणे आणि घडवून आणणे. इंग्रजीत कम अबाउट आणि ब्रिंग अबाउट. दोन्हीकडे येणे आणि आणणे हीच जोडी, गोष्ट आपली आपण झाली तर येते आणि कोणी केली तर आणली जाते. हे एकदा दिसलं की विषयीचा घोळच संपतो, पोरीलाही लगेच पटलं.

पण इथेच थांबलं तर पुढे फसायला होतं, आणि मला खरं सांगायचंय ते हेच. आपल्या घडवून आणणेमध्ये कोणाचा तरी हात असतो. घडवणे हा सोनाराचा, कुंभाराचा शब्द आहे. बांगड्या घडवतात, त्याची घडणावळ आपण मोजून देतो. म्हणून समेट घडवून आणला, भेट घडवून आणली, आत्याचं लग्न आजीने घडवून आणलं, ह्या सगळ्यात कोणीतरी ठरवून, चार माणसांना भेटून, खटपट करून ते केलंय. वाईट गोष्टीला लावला तर हाच शब्द थेट आरोप होतो, हा अपघात नाही, घडवून आणलाय, असं कोणी म्हणलं की समोरच्याच्या अंगावर काटा येतो. इंग्रजीतल्या ब्रिंग अबाउटला असा हात लागतोच असं नाही, तिथे माणूसही चालतो, दुष्काळही चालतो, नवीन मशीनही चालतं. त्यामुळे इंग्रजी वाक्यात पाऊस, रोग, महागाई असं काही कर्ता असेल आणि आपण डोळे मिटून घडवून आणलं लिहिलं, तर मराठीत ते भलतंच होऊन बसतं.

2024 च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरी वस्तीत आल्या, ते दिवस इथल्या कोणालाच विसरता येणार नाहीत. आता "पावसाने पूर घडवून आणला" असं आपल्यातलं कोणी म्हणेल का? आपण म्हणतो पावसामुळे पूर आला. आपलं हे एवढंसं मुळे इंग्रजीतल्या अर्ध्या डझन क्रियापदांचं काम करतं आणि भाषांतर करताना आपण त्यालाच विसरतो. संकट असेल तर ओढवलं आहेच. आणि स्वतःच्याच वागण्याने कोणी स्वतःचा नाश ब्रिंग अबाउट केला असेल तर त्याला ओढवून घेतला ह्याच्याइतका नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

मग बाकीचे शब्द घेतले, गाइडची रांग मोडून. कॉज इंग्रजीत सगळ्यात सरळ, पण त्याच्यापुढे बहुतेक वेळा वाईटच येतं, ॲक्सिडंट, डॅमेज, प्रॉब्लेम, त्रास, म्हणून चांगल्या सुधारणेला कॉज लावला की कानाला खटकतं, तिथे ब्रिंग अबाउट शोभतो. ब्रिंग ऑन दुखण्याचा, धुळीने दम्याचा अटॅक आला, उन्हाने डोकं उठलं, असल्या ठिकाणी. ट्रिगर आणि स्पार्क ऑफ म्हणजे ठिणगी पडली, कारण छोटं असतं पण भडका मोठा, आधीपासून काहीतरी धुमसत असतं. गिव्ह राइज टू जास्त करून शंका, अफवा, वाद ह्यांच्याबरोबर. रिझल्ट इनच्या पुढे परिणाम येतो आणि रिझल्ट फ्रॉमच्या पुढे कारण, हे उलटं झालं की आख्खं वाक्य उलटं होतं, एवढं मात्र पाठच करायचं.

लीड टूवर जास्त वेळ गेला. लीड टू म्हणजे वाट, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि पहिल्या माणसाला शेवट दिसत असतोच असं नाही. मी तिला सयाजीराव महाराजांचीच दोन उदाहरणं दिली. त्यांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. आधी करून बघायचं, मग कायदा, हे ठरवून केलेलं काम, इथे ब्रॉट अबाउट आणि मराठीत घडवून आणलं, दोन्ही चपखल. दुसरं, 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले. त्या स्कॉलरशिपपासून पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षपदापर्यंत जो प्रवास आहे त्याला महाराजांनी घडवून आणलं म्हणता येत नाही, तो बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टाने केला, 1917 मध्ये ह्याच शहरात नोकरीला आल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना, तरी केला. स्कॉलरशिपने वाट उघडली, म्हणून तिथे लीड टू. ब्रिंग अबाउट टाकला तर चालण्याचं श्रेय चालणाऱ्याचं काढून भलत्याच्या खिशात जातं. शब्द चुकला की न्यायसुद्धा चुकतो असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी पोरीला तितक्याच गंभीरपणे सांगितलं, तिनेही ऐकून घेतलं.

राहिलं पंक्चरचं वाक्य. ब्रिंग अबाउटला पुढे घटना लागते, चेंज, रिफॉर्म, पीस, डाउनफॉल असं काहीतरी. माणूस आणि त्याची अवस्था त्याच्यापुढे बसत नाही. मी लेट झाले तर "द पंक्चर मेड मी लेट", इतकं साधं. आणि ब्रॉट लिहिताना आर विसरला की बॉट होतं, म्हणजे महाराजांनी बदल विकत घेतला, ही चूक तिच्या वहीत दोनदा होती, पेन्सिलीने गोल करून ठेवलंय.

चहा होईपर्यंत तिने स्वतःहून तीन वाक्यं लिहिली. तिन्ही बरोबर होती. तिसरं होतं, "आजी ब्रॉट अबाउट पीस बिटवीन बाबा अँड काका." मी विचारलं, मराठीत काय म्हणशील? तिने पेन दातात धरून जरा विचार केला आणि म्हणाली, "आजीने दोघांत समेट घडवून आणला. कारण ती रोज एकदा बाबांना आणि एकदा काकांना फोन करायची ना मावशी, मी बघितलंय."