तू चाल, मी येस

रामनवमीच्या संध्याकाळी, १० एप्रिल २०२२ ला, आमची दिंडी धुळ्याहून गडाकडे निघाली. करोनामुळे सप्तशृंगीची चैत्र यात्रा दोन वर्षं भरली नव्हती. त्यामुळे लळिंगच्या किल्ल्याखाली हायवेच्या कडेनं नुसती माणसंच माणसं. माझी ही पहिली पायी वारी. माझ्या वडिलांनी, आप्पांनी अकरा केल्या, २००९ ते २०१९, एकही चैत्र न चुकवता. २०२१ च्या पावसाळ्यात ते गेले.

निवृत्तीआधी मात्र त्यांची एकही वारी नाही. आप्पा पालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन होते आणि चैत्र म्हणजे आगीचा हंगाम. जिनिंगमध्ये कापूस, मळ्यात कडब्याच्या गंज्या, वर हा वारा. या दिवसांत रजा मिळणं कठीण, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मागितलीही नसती. माय शेजारणींबरोबर जायची. ती निघाली की आप्पा म्हणायचे, "रिटायर व्हयनू का मी बी येसू." माय हसायची. पण ते खरंच गेले. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच चैत्रात नवे कॅनव्हासचे बूट घालून गेले आणि आर्वीपर्यंत दोन्ही टाचांना फोड आणले.

ऊन चाळिशीच्या पुढे, म्हणून आम्ही रात्री आणि पहाटे चालायचो, दुपारी झाडाखाली नाहीतर शाळेच्या ओट्यावर पडायचो. झोडग्याला माणकेश्वराच्या देवळाजवळ पहिला मोठा मुक्काम पडला. तीन दगडांची चूल, खिचडी, ठेचा. उठायची वेळ झाली तसे दिंडीतले एक काका माझ्या हातात पाण्याचा कॅन देऊन म्हणाले, "हे तुना बापनं काम शे." मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सगळे पुढं निघाले की आप्पा मागं थांबायचे. चुलीवर पाणी ओतायचं, काठीनं राख उकरायची, पुन्हा पाणी, मग उलट्या हाताचा पंजा राखेवर धरून पाहायचा. कुणी हाक मारली की ठरलेलं उत्तर, "तू चाल, मी येस." वाटेत कुणी बिडीचं थोटूक टाकलं तर ते बुटानं चिरडत यायचे. दिंडी त्यांना 'बंबवाले आप्पा' म्हणायची, हे आम्हाला घरी कधी माहीतच नव्हतं.

घरातले आप्पा मात्र ओळखीचे. रोज रात्री गॅसचं रेग्युलेटर बंद करून सगळ्यांच्या अंगावर पांघरूण आहे का बघत फिरायचे. लग्नाच्या मांडवात जेवायला बसण्याआधी बाहेर पडायच्या वाटा मोजायचे, आणि त्याची आम्हाला लाज वाटायची. कॉलवरून परतले की अंगणातच आंघोळ, कपडे बाहेर. तरी धुराचा वास यायचा आणि माझी बहीण त्याच वासाला बिलगून झोपायची.

कापसाच्या आगीबद्दल ते जास्त बोलायचे. घर जळतं तेव्हा ज्वाळा दिसतात, काय करायचं ते कळतं. गठाण वेगळी. दाबून, पट्ट्या आवळून बांधलेली. वरून पाणी मारलं की ओघळून जातं आणि आत विस्तव कुरतडत बसतो. गठाण ओढून बाहेर काढायची, पट्ट्या तोडायच्या, फोडून पार आतपर्यंत भिजवायची. तरी दुसऱ्या दिवशी तिसरीच गठाण धुमसायला लागते. "आग मरेल दखास, पन मरत नही," असं म्हणत ते ड्युटी संपल्यावरही सायकलवरून जिनिंगकडे एक फेरी मारून यायचे.

मालेगाव ओलांडल्यावर मायच्या गुडघ्यांनी जवाब दिला, तिला सामानाच्या टेम्पोत बसवलं. १४ तारखेला कळवणजवळ होतो. आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे, डीजे, कुणीतरी हातात सरबताचा ग्लास दिला. त्याच तारखेला १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गठाणी, आणि आग लागली ती कापसात. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन. हा दिवस वारीत आला की आप्पा दुपारी चारच्या सुमारास टोपी काढून दोन मिनिटं रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. लोकांना वाटायचं, मागच्या कुणाची वाट बघताहेत. मीही उभा राहिलो. टेम्पोतून मायनं पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली.

चतुर्दशीला नांदुरीहून गड चढलो. माय रुळांवरून चढणाऱ्या ट्रॉलीनं वर गेली. आप्पांना ट्रॉली पसंत नव्हती, बंद पडली तर माणसं उतरवायची कशी हा त्यांचा प्रश्न. अठरा हातांच्या त्या शेंदरी मूर्तीपुढं माय बराच वेळ उभी राहिली, काय बोलली ते विचारलं नाही.

त्या मध्यरात्री दरेगावचे गवळी पाटील शिखरावर ध्वज लावतात. वर जायला वाट नाही, नुसता उभा कडा. जन्मभर शिड्या चढलेल्या आप्पांना याचं भारी कुतूहल. दोर लावत असतील का, पाय कुठं ठेवत असतील? पाटलांना गाठून विचारायचं दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी माय त्यांना ओढत खाली आणायची.

उजाडलं तेव्हा शिखरावर ध्वज फडकत होता. मी मान वर करून कड्यात खाचा शोधत राहिलो. मायनं पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"चाल आते. तुना बाप बी आसाच उभा र्‍हाये. गाडी चुकी जाई."