चांदणीचा पुढचा डावा पाय

हिसारहून निरोप आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. पशुपालन खात्यातल्या साहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "नेगेटिव्ह आहे, बेन." मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि आधी देवघरात जाऊन हात जोडले.

घोडे पाळणाऱ्यांच्या घरात ग्लँडर्स हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. घोडा, गाढव, खेचर यांना होणारा हा रोग माणसालाही लागतो. तपासणीत तो निघाला की जनावराला दयामरण द्यावं लागतं, इलाज करत बसायची सोय नाही. या रोगाची धास्ती एवढी, की इंग्रजांनी १८९९ मध्ये त्याच्या नावाने वेगळा कायदाच केला होता. त्याच्या कातडीच्या प्रकारात पाय सुजतो, कातडीखालच्या रसवाहिन्या दोरीसारख्या फुगतात आणि त्यांच्यावर गाठी येऊन फुटतात. आमच्या चांदणी घोडीचा पाय सुजलेला होता आणि मागच्या बाजूला एक बारीक गाठ हाताला लागत होती. शेजारच्या तबेल्यातल्या एकाने ती पाहिली, आणि त्याच संध्याकाळी वाडीतल्या घोडेवाल्यांनी आपापली जनावरं लांब नेऊन बांधली. जनावरांची डॉक्टर म्हणून मला ग्लँडर्स वाटत नव्हता, पण वाटण्यावर सोडायची ही गोष्ट नाही. मी खात्याला कळवलं, रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे गेला, आणि तोवर चांदणी एकटी, वेगळ्या बादलीतलं पाणी पीत उभी राहिली.

आता ती भीती गेली होती. पण दांडिया बाजारातून गाडी बाहेर काढली तसा दुसरा विचार डोक्यात बसला. ग्लँडर्स नाही, हाड मोडलेलं नाही, खुरात पू नाही. मग आहे तरी काय?

वडोदऱ्यात लग्नाच्या घोडीचं वर्ष पंचांगावर चालतं. आषाढी एकादशीला देव झोपले की वराती थांबतात. त्या चार महिन्यांत चांदणीचे मालक, काका, तिला वाघोडियाकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे चरायला सोडतात. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, तुळशीची लग्नं लागतात, आणि मग तिला उसंत नसते. काकांचे खापरपणजोबा गायकवाडांच्या पागेत मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, असं घरात सांगतात. आता पागा नाही, पण एक घोडी आहे आणि तिच्यावर पाच माणसांचं घर चालतं. चांदणी नुकरी आहे, म्हणजे अंगावरचे केस पांढरेशुभ्र आणि खाली कातडी गुलाबी. वरातीला हाच रंग मागतात.

दिवाळीनंतर तिला घरी आणली तेव्हा ती जराशी लंगडत होती. मला बोलावलं ते बारा दिवसांपूर्वी, पहिली वरात दोन दिवसांवर आली असताना. त्याआधी कुणीतरी येऊन दोनदा सुई देऊन गेला होता. दोन दिवस ती बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना. रिकाम्या कुप्या फळीवर तशाच होत्या. डायक्लोफेनॅक, माणसांचं. गुरांच्या शरीरात राहिलेल्या याच औषधाने गिधाडं मेली, म्हणून ते जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, आणि तरीही ते तबेल्यांत सापडतं. मला याचा राग येतो, आणि तो फक्त गिधाडांसाठी नाही. दुखणं कुठे आहे हे कळायच्या आत ते झाकून टाकलं, तर मागून येणाऱ्याने शोधायचं कसं?

त्या दिवशी मी शिकवल्याप्रमाणे खालून सुरुवात केली. घोडा एकाएकी लंगडायला लागला तर बहुतेक वेळा दोष खुरात असतो. आत पू साठतो, खूर टणक असल्याने त्याला फुगायला जागा नसते, आणि जनावर पाय मोडल्यासारखं उचलून धरतं. नालबंदाला बोलावून नाल काढली. चिमट्याने खूर सगळीकडून दाबून पाहिला, चांदणीने पाय ओढला नाही. खुराच्या वर दोन्ही बाजूंना बोटं ठेवली की नाडी लागते. खुरात दाह असेल तर ती ठणाठणा उडते, इथे ती शांत होती. ताप १०१ फॅरनहाइट, घोड्याला तेवढा चालतो. तरी दोन दिवस खुराला पोटीस बांधून ठेवलं. त्यातून काही निघालं नाही. मग आणंदहून ओळखीच्या डॉक्टरांनी फिरतं एक्सरे मशीन आणलं, चार बाजूंनी फोटो काढले. हाड स्वच्छ.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, ती केली नाही. गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय खांबासारखा सुजला होता. अशा पायावरचे केस मशीनने काढून कातडी बघायची असते. मी मशीन हातात घेतलं तेव्हा काकांनी हात जोडले. "डॉक्टरताई, केस नका काढू. परवा वरात आहे, फोटोत दिसतं." ती वरात होणार नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी त्यांचा चेहरा बघून मी मशीन पिशवीत ठेवलं, आणि पुढे ग्लँडर्सच्या गडबडीत ते राहूनच गेलं. चांदणीला त्यामुळे बारा दिवस जास्त सोसावं लागलं.

घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कंडरा, शिरा आणि वर कातडी, एवढंच. खाली उतरलेलं रक्त आणि रस वर चढवायला पिळणारा स्नायूच तिथे नाही. पाऊल जमिनीवर दाबलं गेलं की खूर पंपासारखा ते वर ढकलतो. म्हणून पाय टेकवणं थांबलं की कारण कितीही लहान असो, सगळा पाय भरून येतो. बघणाऱ्याची नजर सुजेवर खिळते आणि मूळ जागा त्यात बुडून जाते. माझंही तेच झालं होतं.

शिवाय वेळ नव्हता. घोड्याचा साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. एक पाय कामातून गेला की दुसऱ्यावर सगळा येतो, आणि त्या चांगल्या पायाच्या खुरात आतून दाह सुरू होतो. अमेरिकेतला बार्बारो हा शर्यतीचा घोडा २००६ मध्ये मागच्या उजव्या पायाची हाडं मोडून पडला. उत्तम शस्त्रक्रिया झाली, तो पाय बराही होत आला होता. पण दुसऱ्या पायांच्या खुरांनी दगा दिला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला झोपवावं लागलं. चांदणीच्या उजव्या पायाखाली मी पहिल्या दिवसापासून जाड वाळू घालून घेतली होती आणि रोज त्या खुराची नाडी बघत होते.

वाडीत पोहोचले तेव्हा काका दारातच उभे होते. बातमी ऐकून ते काही बोलले नाहीत, नुसते चांदणीच्या मानेला कपाळ टेकवून उभे राहिले. त्यांची आई आत खाटेवर बसली होती. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. त्या अजून मला सालोतरीण म्हणतात. शालिहोत्र ऋषींच्या नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायचे, तो शब्द मी आजींच्या तोंडून सोडून दुसरीकडे ऐकलेला नाही.

मी ठरवलं, आज पहिल्यापासून बघायचं. काकांच्या नातवाला सांगितलं, मागच्या डांबरी गल्लीत हिला दुडकी चालव, दोर सैल सोड. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मी डोळे मिटूनही ऐकते, कारण कानाला फरक लवकर कळतो. चांगल्या पायाची टाप ठणठणीत पडते, दुखऱ्याची हलकी. टाक्-टुक, टाक्-टुक. दहा पावलांत मी नातवाला थांबवलं.

आता हाड तडकलेलं नाही हे माहीत होतं, त्यामुळे पाय बधिर करून बघता येणार होतं. तडकलेल्या हाडाची शंका असताना हे करायचं नसतं. दुखेनासं झालं की जनावर पूर्ण भार टाकतं आणि चीर गेलेलं हाड मोडतं. आधी फेटलॉकच्या, म्हणजे खुरावरच्या सांध्याच्या, अलीकडे-पलीकडे लिग्नोकेन दिलं. खूर बधिर झाला, पेनाने टोचलं तरी ती हलली नाही. पुन्हा दुडकी. टाक्-टुक तसंच. मग त्याच्या वर, नळीच्या हाडाच्या खालच्या भागात चार जागी दिलं. पंधरा मिनिटं थांबलो. या वेळी डोकं जवळजवळ सरळ राहिलं. म्हणजे दुखणं या वीतभर जागेतच होतं.

मी केस काढायचं मशीन लावलं तेव्हा आजी खाटेवरून म्हणाल्या, "मागनं बघ गं. तेल लावताना तिथं बोट गेलं की ही कान पाडते."

"कधीपासून आजी?"

"दिवाळीपासून. तू विचारलंस कुठं?"

खरंच नव्हतं विचारलं. काकांना विचारलं, नातवाला विचारलं, नालबंदाला विचारलं. रोज संध्याकाळी जिचा हात त्या पायावरून फिरत होता तिला विचारलं नव्हतं.

केस निघाले आणि नळीच्या मागे, सांध्याच्या चार बोटं वर, गुलाबी कातडीवर तिळाएवढा काळपट डाग दिसला. जखम म्हणावी असं काही नाही, केव्हाच बुजलेलं तोंड. मी काकांकडे पाहिलं. "वाघोडियाला शेताला कुंपण कसलं आहे?"

"कुंपण कसलं ताई, वाड आहे. गांडो बावळ कापून रचलेली."

गांडो बावळ म्हणजे विलायती बाभूळ. गुजरातीत तिला वेडी बाभूळ म्हणतात ते उगाच नाही, पडीक जमीन दिसली की ती पसरते. तिचा काटा टायरमध्ये घुसतो. आणि काटा एक्सरेत दिसत नाही. किरण त्याच्यातून मांसातून जावेत तसे पार जातात.

माझ्या गाडीत सोनोग्राफीचं मशीन होतं, ते तिथे नेहमीच असतं. म्हशींचा गाभ बघायला रोज वापरते मी ते. त्याचा लांबट प्रोब घोड्याच्या कंडरा बघायला चांगला चालतो, हे मला ठाऊक होतं, पण बारा दिवसांत सुचलं नव्हतं. हातमोज्यात पाणी भरून गाठ मारली, ती पिशवी कातडी आणि प्रोबच्या मध्ये धरली, म्हणजे वरवरचा भागही स्पष्ट दिसतो. पडद्यावर कंडरांच्या रेघा सरळ दिसत होत्या. त्यांच्या भोवतीच्या कोशात पाणी साठलेलं, काळं. आणि कोशाच्या भिंतीला लागून एक पांढरी तिरपी रेघ, तिच्यामागे काळी सावली. मी मोजली. अडीच सेंटीमीटर.

माझे हात थरथरत होते. आणंदच्या महाविद्यालयातल्या माझ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, काटा कोशाच्या आत असेल आणि आत पू झाला असेल तर हात लावू नकोस, पूर्ण भूल देऊन आत धुवावं लागेल, इकडे घेऊन ये. बाहेर असेल तर तिथेच काढ. आधी पाणी बघ.

कातडी निर्जंतुक करून कोशातलं पाणी सुईने काढलं. पिवळसर, किंचित गढूळ. काचेची नळी वर्तमानपत्रावर धरली तर मागची अक्षरं वाचता येत होती. दोन बोटांत थेंब धरून ताणला तर तार लवकर तुटली, म्हणजे दाह आहे. नमुना जवळच्या, माणसांच्याच पॅथॉलॉजीत दिला. संध्याकाळी पाचला आकडा आला. पेशी वाढलेल्या, पण काही हजारच. पू झाला असता तर त्या वीस-तीस हजारांच्या वर गेल्या असत्या. जंतू दिसले नाहीत. कोश शेजारच्या काट्यामुळे चिडला होता, नासला नव्हता.

दुपारभर काही खाल्लं नव्हतं. नातवाने शेव-उसळ आणली होती, ती उभ्यानेच चार घास खाल्ली आणि हॅलोजन लावायला सांगितला. गुंगीसाठी झायलाझीन दिल्यावर चांदणीची मान खाली आली. पायाला वर रबरी पट्टा आवळला, पुन्हा बधिर केलं, प्रोबवर नजर ठेवून त्या तिळाच्या जागी बोटाच्या पेराएवढा छेद घेतला. बारीक चिमटा आत सरकवला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा काहीतरी टणक पकडलं गेलं आणि मी ते आलं त्याच दिशेने, हळू, न मोडता ओढलं. काळा पडलेला काटा, टोक शाबूत. पाठोपाठ चमचाभर घट्ट पिवळा स्राव आला. पुन्हा प्रोब लावून आत तुकडा राहिला नाही ना हे पाहिलं. जागा सलाइनने धुतली, धनुर्वाताची लस दिली, कारण घोड्याइतका धनुर्वात दुसऱ्या पाळीव जनावराला क्वचितच पकडतो. अँटिबायोटिक सुरू केलं आणि गुडघ्यापर्यंत जाड बँडेज बांधलं.

काकांनी काटा तळहातावर घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग आजींच्या हातात दिला. आजींनी तो पदराच्या टोकात बांधून ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

सूज उतरायला दहा-अकरा दिवस लागले. रोज सकाळी आधी उजव्या खुराची नाडी बघायची, मग डाव्याची पट्टी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नातवाने तिला पुन्हा त्याच गल्लीत दुडकी चालवली. मी डोळे मिटून ऐकलं. सरळ रेषेत दोन्ही टापा सारख्या पडत होत्या. वळताना मात्र डावी अजून एक कणभर हलकी.

"एक वरात मागतायत ताई, बुधवारची," नातू म्हणाला.

मी काकांकडे पाहिलं. ते चांदणीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, काढलेल्या केसांच्या जागी आलेली पांढरी लव हाताने चाचपत.

"नाही म्हणून सांग," ते म्हणाले. "कमुर्ता, लग्न न लावायचा महिना, उतरू दे. उत्तरायणानंतर बघू."