बटरक्रीमच्या केकवर ६४० ग्रॅमचा टॉपर उभा करताना

वसईत ईस्टरनंतर लग्नांचा मोसम येतो, म्हणजे एप्रिल-मेचा उकाडा. याच दिवसांत दोन मजली बटरक्रीम केकवर चिनी मातीचं नवरा-नवरीचं जोडपं उभं करायचं होतं. काट्यावर ठेवलं तर ६४० ग्रॅम भरलं, बूड ८ सेंटिमीटर. नुसतं क्रीमवर ठेवलं असतं तर फोटो होईपर्यंत कललं असतं. लोणी तिशीच्या पुढच्या तापमानात वितळायलाच लागतं आणि खालचा स्पंज दाबला जातो. म्हणून टॉपरला, म्हणजे केकच्या माथ्यावरच्या अशा शोभेच्या वस्तूला, मी केकचा तिसरा मजलाच समजते: त्याचं वजन डॉवेलवर, म्हणजे केकमध्ये उभ्या खुपसलेल्या आधाराच्या नळ्यांवर जायला हवं, क्रीमवर अजिबात नाही.

वरचा मजला ६ इंची, १० सेंटिमीटर उंच. त्याच्या खाली पातळ पुठ्ठा नको. डॉवेलची टोकं त्यात रुततात आणि सगळं खाली बसतं. मी ३ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा) बोर्ड घेतला आणि खालच्या मजल्यातही त्याच्या आधाराला डॉवेल घातले. ही साखळी कुठे तुटली तर वरची मेहनत वाया.

टॉपरखाली ९ सेंटिमीटरची ॲक्रिलिक चकती, म्हणजे बुडाच्या सगळीकडून अर्धा सेंटिमीटर जास्त. टॉपर चकतीला फोमच्या दुहेरी टेपने घरीच चिकटवला. टेप केकला कुठेच लागत नाही. रॉयल आयसिंगने (अंड्याचा पांढरा बलक आणि साखरेचं, वाळून कडक होणारं आयसिंग) टॉपर थेट बटरक्रीमवर चिकटवायचा विचार करू नका, तुपकट पृष्ठभागावर ते धरत नाही.

डॉवेल प्लॅस्टिकचे, पोकळ, चार. तिवई डुगडुगत नाही हे खरं, पण तीन पायांवर उंच टॉपर दोन पायांच्या मधल्या बाजूला लवकर कलंडतो. चार पाय मात्र तंतोतंत सारखे हवेत. एक डॉवेल केकमध्ये बोर्डाला टेकेपर्यंत घातला, क्रीमच्या पातळीवर खूण केली, बाहेर काढला आणि खुणेच्या १ मिलिमीटर वर कापला. बाकीचे तीन त्याच्याशी जुळवून कापले. चारही ओट्यावर उभे करून वर चकती आणि टॉपर ठेवला, बोटाने हलकेच ढकलून पाहिलं. एक पाय अर्धा मिलिमीटर लांब निघाला, तो सँडपेपरने घासला. ही तालीम ओट्यावरच करा, मांडवात नाही. मग सगळे डॉवेल धुऊन, कोरडे करून घेतले.

केक रात्रभर फ्रिजमध्ये. बाहेर काढल्याबरोबर डॉवेल खुपसला तर कडक क्रीमला तडा जातो, म्हणून दहा मिनिटं थांबले. चारही डॉवेल साधारण ५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, अगदी सरळ. तिरका गेलेला डॉवेल वजनाखाली सरकतो आणि सोबत केकही फाडतो. खाली बोर्डाला टेकल्याचं हाताला स्पष्ट कळतं. तोवर दाबत राहायचं.

टॉपर न लावता केक हॉलवर नेला, टॉपर वेगळ्या खोक्यात. तिथे डॉवेलच्या डोक्यांवर वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटचे थेंब टाकले, चकती टेकवून दोन मिनिटं धरली. केक गार होता म्हणून कंपाउंड लगेच घट्ट झालं. उरलेल्या फटीत बर्फाच्या डब्यात आणलेल्या क्रीमचे मोती पाइप केले. क्रीममध्ये निम्मं लोणी आणि निम्मं शॉर्टनिंग, म्हणजे उकाड्यात लोण्यापेक्षा जास्त टिकणारी घट्ट वनस्पती चरबी होती. चवीला लोणीच सरस, पण मे महिन्यात मी हा सौदा करते.

काडीचा ॲक्रिलिक टॉपर असेल तर आधी जाड स्ट्रॉ खोवा, त्यात वितळलेलं कंपाउंड भरा आणि काडी त्यात उभी करा. उघडी काडी हलत राहते, भोक रुंदावतं.

नवरा-नवरीने सुरी खालच्या मजल्यावर चालवली. वरचा मजला वाढायला घेण्याआधी टॉपर, चकती आणि डॉवेल काढायचे, हे केटररला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: वरचे चार, खालचे सहा, मोजून दहा.