वर्गाचा पॉड: लाइक बंद, ‘सरकवला’ चालू

हलला एकदाचा! आमच्या पॉडचा रीच, म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोचते तो आकडा. पॉड म्हणजे इन्स्टाग्रामवर एकमेकांच्या पोस्ट उचलून धरणारा वर्गातला गट: कागदाच्या घड्या घालणारी मी, एक बुद्धिबळवाला, एक केमिस्ट्रीच्या नोट्सवाली, एक नाचणारी जोडी आणि इतर. माझ्या मासू बॉक्सच्या (घड्या घालून केलेली चौकोनी कागदी पेटी) रीलला नॉन-फॉलोअर्सचा, म्हणजे फॉलो न करणाऱ्यांचा, रीच निम्म्याच्या वर गेलाय, आणि खाली एका अनोळखी माणसाचा प्रश्न आहे: ‘कागद किती जीएसएमचा?’ (म्हणजे किती जाड.) आमच्या वर्गातल्या एकाही प्राण्याला हा प्रश्न या जन्मात पडला नसता. म्हणून तर त्या कमेंटचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता मधलं सगळं. आधी पद्धत जुनीच होती. कुणी पोस्ट टाकली की ग्रुपवर लिंक, आणि सगळ्यांनी हातातलं काम सोडून लाइक, सेव्ह आणि निदान चार शब्दांची कमेंट करायची. चार शब्दांचा नियम बुद्धिबळवाल्याचा. नुसत्या आगीच्या इमोजीला वजन नसतं असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. त्यामुळे ‘खूपच भारी झालंय हे’ हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या पोस्टखाली रांगेनं सापडेल. लाइक दिसायला झकास. रीच मात्र वर्ग, वर्गाचे मित्र आणि कुणाची तरी मावशी, इथंच अडलेला.

बरेच दिवस सगळे वेळेच्या मागे होते. सकाळी टाका, रात्री टाका, पहिल्या अर्ध्या तासात सगळे तुटून पडा. मला ते पटत नव्हतं, कारण आकडे वेगळंच सांगत होते. रीलच्या इनसाइट्समध्ये (अ‍ॅपच देतं ती आकडेवारी) सरासरी वॉच टाइम, म्हणजे लोक किती वेळ बघतात ते, बघा म्हटलं, तर कुणी लाइकवरून नजर हलवेना. शेवटी माझ्याच रीलचा, कुठल्या सेकंदापर्यंत किती जण टिकले तो आलेख मोठा करून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला रेघ सरळ कड्यावरून खाली! आणि का नाही पडणार? लिंक उघडायची, लाइक दाबायचं, पाठ झालेली कमेंट चिकटवायची आणि पुढच्याच्या लिंककडे पळायचं, यात रील बघतंय कोण? दर पोस्टला पहिली सलामी अशा लोकांकडून, ज्यांनी ती पाहिलीच नाही.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलेलं तुम्हाला माहीत असेलच: पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवताना वॉच टाइम, लाइक आणि सेंड्स (पोस्ट दुसऱ्याला मेसेजमधून पाठवणं) हे तीन मोठे इशारे. त्यातही लाइकचा जोर फॉलोअर्सपर्यंत पोचण्यात थोडा जास्त, आणि अनोळखी लोकांपर्यंत जायचं तर सेंड्सचा. म्हणजे आम्ही नेमकं तेच गोळा करत होतो जे आम्हाला आमच्याच लोकांकडे परत पाठवत होतं. शिवाय कृत्रिमपणे लाइक-फॉलोअर्स जमवू नका, असं त्यांच्या नियमांत लिहिलेलं आहेच. नाचणाऱ्या जोडीनं ‘मग यूट्यूबवर सब-फॉर-सब करू’ (तू मला सबस्क्राइब कर, मी तुला) म्हटलं, तर तिथंही तेच. यूट्यूब त्याला खोट्या एंगेजमेंटमध्ये धरतं. आणि जाहिरातींच्या वाट्यासाठी 1,000 सबस्क्रायबर्सच्या जोडीला वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. न बघणारे सबस्क्रायबर्स घेऊन काय करायचंय?

मग उलटं केलं. पोस्टनंतरची मदत बंद, पोस्टआधीची चालू. ड्राफ्ट फोनवर लावायचा, आवाज बंद, आणि समोरच्यानं अंगठा स्क्रीनवर ठेवून बसायचं. जिथं कंटाळा येईल तिथं ‘सरकवला’ म्हणायचं. कारण द्यायचं नाही, समजूत काढायची नाही, फक्त सेकंद लिहून घ्यायचा. हा प्रकार भयंकर आहे. मासू बॉक्समध्ये मी कागद टेबलावर ठेवते, कोपरे जुळवते, नखानं घडी दाबते, मला ते फार सुंदर वाटतं. बुद्धिबळवाला: ‘सरकवला.’ केमिस्ट्रीच्या नोट्सवाली: ‘सरकवला.’ दोघंही चौथा सेकंद उजाडण्याआधी.

ती नखाची घडी काढताना जीव तुटला, पण काढली. आता रील सुरू होते ती शेवटून: सपाट पडलेला कागद दोन बोटांनी उचलला की बाजू उभ्या राहतात आणि पेटी तयार. त्यानंतर पहिली घडी. दुसरी अडचण मध्ये होती. बाजूच्या भिंती उभ्या करून टोक आत वळवतानाच लोक हरवतात, आणि तिथं माझाच हात कॅमेऱ्याच्या आड येत होता. तेवढा तुकडा डोक्यावरून पुन्हा शूट केला, सावकाश. पुढच्या बैठकीत कुणी सरकवला नाही. नोट्सवालीनं तर थांबवून वहीचं पान फाडलं आणि पेटी करून बघितली. मला तिथंच कळलं की ही चालणार. सेंड्स आले ते बहुतेक त्या सावकाश तुकड्यामुळेच, असा माझा अंदाज.

हत्यारांबद्दल थोडं. एडिट्स हे इन्स्टाग्रामचं स्वतःचं अ‍ॅप एप्रिल 2025 मध्ये आलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण साध्या कापाकापीला पुरेसं आहे. वॉटरमार्क नाही, तेही बरं. पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकणारं (शेड्यूलिंगचं) जे अ‍ॅप आम्ही वापरत होतो ते मात्र काढून टाकलंय. कॅप्शनमधल्या ओळी एकमेकींत मिसळून टाकायचं, आणि जोडाक्षरांचं काय करायचं ते विचारू नका. आपोआप कमेंट करणारे बॉट कुणी सुचवू नयेत, त्यावर मी आधीच पुरेशी चिडून झालेय.

पुढचा बेत कोलॅबचा होता. पोस्ट एक, दोघांच्या प्रोफाइलवर, लाइक-कमेंट सामाईक. बुद्धिबळवाला आणि मी मिळून कागदाचा घोडा करणार होतो, पटावरचा. पण हे लिहितानाच वाटतंय की थोडं थांबावं. त्याचे फॉलोअर्स कोडी सोडवायला येतात, घड्या बघायला नाही. पहिल्या सेकंदाला पट दाखवायचा की कागद, यावर आमचं भांडण होणार हे नक्की. त्यापेक्षा ट्रायल रील, म्हणजे चाचणीपुरतं टाकलेलं रील, वापरता येईल! ते आधी नॉन-फॉलोअर्सनाच दाखवलं जातं, म्हणजे वर्गातल्या प्रेमळ मंडळींची लुडबुड जवळपास शून्य. एकच घोडा, दोन सुरुवाती, दोन ट्रायल, आणि साधारण 24 तासांनी आकडे समोर ठेवायचे. जी सुरुवात जिंकेल ती कोलॅबला. त्याला आत्ताच मेसेज केलाय, तो म्हणतो पटच जिंकणार. बघू.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ‘सरकवला’ म्हणणारे आता एकमेकांच्या रील ओळखायला लागलेत. पेटी उभी राहणार हे माहीत असलं की अंगठा आपोआप थांबतो, आणि मग सेकंद खोटे येतात. सध्या जोड्या बदलतोय, आणि ज्यानं आधीचा ड्राफ्ट पाहिलाय त्याला पुढच्याला बसवत नाही. पण वर्ग तो केवढा? शेजारच्या तुकडीशी ड्राफ्टची अदलाबदल करावी असं नोट्सवालीचं म्हणणं आहे. त्यांचाही एक पॉड आहे, अजून लाइकवाला. त्यांना आलेख दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. कुणी असं दोन गटांत करून पाहिलं असेल तर ड्राफ्ट बाहेर फुटू नये म्हणून काय केलंत, तेवढं सांगा.