आमची वाटचाल : शॉट जातो आणि परत येतो, त्या मधल्या वाटेवर

आमचा स्टुडिओ सुरू झाला तो निव्वळ एडिटिंगसाठी. क्रोमा म्हणजे मागचा हिरवा पडदा काढणं, वायर पुसणं, मोबाइलच्या स्क्रीनवर दुसरं दृश्य बसवणं ही कामं बाहेर जायची. शॉट होऊन यायचा, टाइमलाइनवर टाकला की शेजारच्या शॉटपेक्षा जरा फिका, जरा मऊ दिसायचा. कलाकाराच्या कामात खोट नसायची. वाट लागायची ती ने-आणीत. कंपोझिटिंगचा, म्हणजे वेगवेगळी दृश्यं एका शॉटमध्ये बसवण्याचा, विभाग आम्ही स्वतःकडे उभा केला, तो मुख्यतः या एका कारणासाठी.

सगळ्यात आधी एच.२६४ चा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रकारातला, एक्स्पोर्ट बंद केला. फाइल लहान होते, पटकन जाते, डोळ्यांनाही ठीक दिसते. म्हणून एडिटर मंडळींचा तो फार लाडका. पण ती फाइल बहुतेक वेळा ८ बिट आणि ४:२:० असते, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद. हिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचे मोकळे केस झूम करून बघा. कीअर (हिरवा पडदा काढणारं टूल) रंगाच्याच आधारावर कापतो, आणि तिथेच माहिती नसल्यामुळे कडेला पायऱ्या पडतात. मग रोटोवाला (फ्रेमगणिक आकृतीची कड हाताने आखणारा) बसतो एकेक बट हाताने काढत. आकाशाची वेगळीच तऱ्हा : ८ बिटला प्रत्येक चॅनेलमध्ये २५६ छटा, १० बिटला १०२४. ग्रेडिंगमध्ये (रंग आणि उजेड जुळवताना) जरा ताणलं की ८ बिटच्या आकाशात पट्टे उमटतात.

आता एडिटरकडून आम्ही कॅमेऱ्याची मूळ फाइल आणि सोबत एक्सएमएल किंवा ईडीएल (कोणता शॉट कुठून कुठपर्यंत वापरलाय याची यादी) मागतो. ते जमत नसेल तर प्रोरेस ४४४४ (रंगाची पूर्ण नोंद ठेवणारी व्हिडिओ फाइल) किंवा १६ बिट हाफ फ्लोटची ईएक्सआर सीक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल). ग्रेड, स्केल, स्पीड सगळं काढून, आणि दोन्ही टोकांना थोड्या जादा फ्रेम ठेवून. कॅमेऱ्यानेच ४:२:० रेकॉर्ड केलं असेल तर प्रोरेस ४४४४ केल्याने गेलेला रंग परत येत नाही, पुढची गळती तेवढी थांबते. हे समजावताना अजूनही घसा कोरडा पडतो.

ईएक्सआरने हार्ड डिस्कचा खर्च वाढला, हे खरं. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय साधारण १२ एमबी. झिप कॉम्प्रेशनने काहीही न गमावता ती आटोपशीर होते. डीडब्ल्यूएए या दुसऱ्या कॉम्प्रेशनने आणखी लहान होते, पण त्यात थोडं गमवावं लागतं. म्हणून ते आम्ही फक्त प्रिव्ह्यूसाठी वापरतो.

प्रीमियर (एडिटिंगचा प्रोग्राम) आणि आफ्टर इफेक्ट्स (कंपोझिटिंगचा प्रोग्राम) यांना थेट जोडणाऱ्या डायनॅमिक लिंकने मधली फाइलच टळते. छान सोय आहे. मात्र आफ्टर इफेक्ट्सचा नवा प्रोजेक्ट मुळात ८ बिटवर उघडतो. तो १६ किंवा ३२ वर नेला नाही तर १० बिटचं फुटेज तिथेच चिरडलं जातं.

आणि तो फिकेपणा? बहुतेक वेळा त्याचं मूळ रेंजमध्ये, म्हणजे काळ्या-पांढऱ्याला कोणता आकडा दिलाय त्यात, सापडलं. व्हिडिओ रेंजमध्ये ८ बिटला काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. फुल रेंजमध्ये ० आणि २५५. व्हिडिओ रेंजची फाइल एका प्रोग्रामने फुल रेंज समजून वाचली की काळा राखाडी होतो. उलट झालं की सावल्यांमधला तपशील बुडतो.

म्हणून नवं काम आलं की आम्ही आधी एक शॉट काहीही न करता आमच्या साखळीतून फिरवून परत पाठवतो. एडिटरने तो मूळ शॉटवर ठेवून डिफरन्स मोड (दोन शॉटमधला फरक तेवढा दाखवणारा) लावायचा. पडदा काळा दिसला पाहिजे. कडा चमकल्या तर शॉट एक फ्रेम पुढे-मागे सरकलाय किंवा स्केल झालाय. सगळंच राखाडी दिसलं तर रेंज किंवा गॅमाचा (मधल्या छटांच्या उजेडाचा) घोळ. प्रोरेसमधून आलेला शॉट एक्स्पोजर खूप चढवल्यावर खसखशीसारखे बारीक ठिपके दाखवतो, तेवढं चालतं.

काही ग्राहकांना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे. चाचणी काळी आल्याशिवाय रोटो सुरू होणार नाही, हे आता आमच्या कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं.