डाव्या बाजूचा बोल्ट

आमच्या पिकअपचे मागचे शॉकअप बदलायचे होते. काम तसं किरकोळ. प्रत्येक बाजूला वर एक नट, खाली एक बोल्ट. डावा शॉकअप तेलाने ओला झाला होता आणि खड्डा लागला की गाडीचं बूड तीन-चार वेळा हेलकावे खायचं. एकच गेला तरी जोडीने बदलायचे असतात. मार्च संपत आला होता. एकदा हापूसच्या पेट्या वाशीला जायला लागल्या की गाडी मोकळी सापडत नाही. गॅरेजवाला म्हणाला, चार दिवसांनी आण. मी म्हटलं, घरीच करू, तासाभराचं तर काम.

शनिवारी जेवून खाली शिरलो. मागे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असल्याने शॉकअप सुटला म्हणून अ‍ॅक्सल खाली येत नाही, ही भीती नव्हती. तरी पुढच्या चाकांना चिरे लावले आणि चेसीखाली स्टँड दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून मी खाली जात नाही. चष्मा मात्र विसरलो. पहिल्याच ठोक्याला डोळ्यात गंज पडला, तेव्हा आठवला.

उजवी बाजू वीस मिनिटांत सुटली. तारेच्या ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा घेतला, पाना लावला, झालं. याच गुर्मीत डावीकडे गेलो. तिथे नट कुठला आणि बोल्टचं डोकं कुठलं हेच कळेना, सगळं मिळून तपकिरी ढेकूळ. कारण घरचंच होतं. दादा पहाटे बंदरावरून मासळी आणतो. क्रेटमधल्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या भोकातून गळतं, ते नेमकं या बोल्टवर. उजवीकडे भोकच नाही.

मी तिथे बारा कोनी रिंग पाना लावला, त्यात पाइप अडकवला आणि अंग टाकलं. पाना सरकला, माझी बोटं पाट्यावर आपटली आणि नटाचे कोपरे गेले. गंजाने नट आधीच झिजून बारीक झालेला, त्यात बारा कोनी पाना फक्त कोपऱ्यांवरच धरतो. सहा कोनी गोटी पाना पेटीतच होता. घाईत हाताला लागला तो घेतला.

शिव्या ऐकून शेजारचे तात्या आले. हयात एसटीच्या डेपोत गेलेली. वाकून बघितलं आणि म्हणाले, "घाई कित्याक करतंस?"

मी म्हटलं, "तात्या, गॅस टॉर्चने तापवू का?" त्यांनी वर डिझेलच्या टाकीकडे बोट दाखवलं, मग ब्रेकच्या पाइपकडे, मग शॉकअपच्या बंद नळीकडे. पुढे काही बोलले नाहीत. विषय संपला.

कोपरे गेलेल्या नटावर त्यांनी एक नंबर लहान सहा कोनी गोटी पाना हातोडीने ठोकून बसवला. मग सोडवायच्या ऐवजी किंचित आवळला. कट्ट असा आवाज आला. मग अर्धा सेंटिमीटर मागे, परत पुढे, परत स्प्रे. प्रत्येक फेरीला आट्यांतून तांबडी भुकटी बाहेर. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. मागेपुढे करत तोच बाहेर काढायचा असतो. अर्ध्या तासाने नट हातात आला. मी खूश.

पण बोल्ट बाहेर येईना. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल कड्यात, रबरी बुश असतो आणि बुशच्या पोटात पोलादी नळी. बोल्ट त्या नळीला गंजून एकजीव झाला होता. फिरवला की नळीसकट फिरे, रबर कुरकुरे. घण मारला की मार सगळा रबर गिळून टाकी. रात्रभर स्प्रेत भिजवून रविवारी सकाळी पुन्हा ठोकलं, बोल्टचं टोक तेवढं छत्रीसारखं पसरलं.

तात्या पायरीवर बसून म्हणाले, "वाचवूचा काय ता आदी ठरव."

खरंच, मी काल दुपारपासून बोल्ट वाचवत होतो. बोल्ट किरकोळ किमतीचा आणि जुना शॉकअप तर भंगारातच जायचा. वाचवायला हवं होतं ते ब्रॅकेट, जे अ‍ॅक्सलवर आहे आणि मोडलं तर वेल्डरची पाळी. मग उलट्या बाजूने सुरुवात केली. एका टोकाला फडकं गुंडाळून हॅक्सॉचं नुसतं ब्लेड हातात धरलं, कारण फ्रेम मावत नव्हती, आणि डोळ्याचं कडं कापलं. शॉकअपचं खालचं टोक सुटून बाजूला झालं. सुरीने रबर सोललं. उरली बोल्टवर चिकटलेली नळी. तिला लांबीत चीर पाडली, चिरेत छिन्नी घालून ठोकली, तेव्हा ती वाटाण्याच्या शेंगेसारखी उकलली. पुढच्या दोन ठोक्यांत बोल्ट बाहेर. तीन ब्लेडं मोडली.

वरचा नट चेसीच्या खुंटावर होता. तो खुंट मोडला तर आणखी पंचाईत, म्हणून तिथे पाइपला हात लावला नाही. मागेपुढे, मागेपुढे, तास गेला.

नवे शॉकअप उभे धरून चार-पाच वेळा दाबून सोडले, मग बसवले. बोल्टला आणि नळीच्या आतून ग्रीस लावलं, रबराला लागू दिलं नाही, कारण ग्रीसने रबर फुगतं. मी तिथेच आवळायला निघालो तर तात्यांनी थांबवलं. गाडी चाकांवर उतरवून मग शेवटचं आवळायचं, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

हौद्याच्या भोकाला आता रबरी नळीचा तुकडा लावलाय. खारं पाणी थेट रस्त्यावर पडतं. दादाची तक्रार एवढीच की बंदरापासून घरापर्यंत मांजरं गाडीच्या मागे असतात.