गॅस संपला

परवा दुपारी साडेतीनला चहा टाकला. साखर विरघळली, पत्ती पडली, आलं किसून झालं, दूध ओतलं आणि ज्योत पिवळी झाली. मग बर्नरच्या कडेकडेने थोडी थरथरली आणि फुस्स करून गेली. पातेल्यात जे काही उरलं त्याला चहा म्हणवेना.

गॅस संपला हे कळलेलं होतं. तरी मी लायटर घेऊन आठ-दहा वेळा खटखट केलंच. नॉब बंद केला, परत चालू केला. खाली वाकून रेग्युलेटर हलवला. टाकी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली, जणू तळाला गाळ बसलाय आणि तो वर आला की अजून दोन कप निघतील. हे सगळे करतात. करत नाही म्हणणारा माणूस स्वयंपाकघरात कधी एकटा सापडलेला नाही, इतकंच.

दुसरी टाकीही रिकामीच होती, कारण नंबर लावायचं काम माझ्याकडे होतं. बायकोने माहेरी जायच्या आधी तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मलाही महाबळेश्वरला बंगला हवाय, त्याचं काय?" ती काही बोलली नाही. बॅग घेऊन गेली.

तिथेच फरशीवर टाकीशेजारी बसल्या बसल्या मला मॅल आठवला.

'फायरफ्लाय' नावाची एक अमेरिकन मालिका होती. पुतण्याने मागे लागून दाखवली. 20 सप्टेंबर 2002ला सुरू झाली आणि नाताळ यायच्या आत गुंडाळली. चौदा भाग तयार होते, त्यातले अकराच त्या वेळी दाखवले. पाचशे वर्षांनंतरची गोष्ट, पण वातावरण सगळं आपल्या एसटी स्टँडवरचं. 'सेरेनिटी' नावाचं जुनाट मालवाहू यान, त्यात नऊ माणसं, आणि कप्तान मॅल, ज्याच्याकडे कधीच पैसे नसतात. मिळेल तो माल, मिळेल ते भाडं. सिनेमा-मालिकांमधली यानं अंतराळात ढणाढणा आवाज करत जातात, हे मुकाट्याने जातं. तिथे हवाच नाही तर आवाज कुठून यायचा, एवढा साधा विचार त्या लोकांनी केला होता. मला ती मालिका त्या शांततेसाठीच आवडली असावी.

त्यातला एक भाग आहे 'आउट ऑफ गॅस'. तिकडे गॅस म्हणजे पेट्रोल. पण मी तो पाहिला तो आपल्या अर्थाने, आणि काही बिघडलं नाही.

डॉक्टर सायमनचा वाढदिवस असतो. केली ही इंजिन सांभाळणारी पोरगी, तिने केक केलाय. मैदा मिळालाच नाही, म्हणून केकही प्रोटीनचाच, म्हणजे आत्ता जेवले तेच परत, वर फक्त चॉकलेटसारखं काहीतरी लिंपलेलं. मेणबत्त्या विझवायच्या वेळेला दिवे जातात, आणि पाठोपाठ स्फोट. एक फुटकळ भाग तुटलेला असतो, कॉम्प्रेशन कॉइलवरचा कॅटॅलायझर. हातात मावेल एवढी वस्तू. ती गेली आणि इंजिन बंद. आगीने प्राणवायू खाल्ला. काही तासांची हवा शिल्लक, आणि आजूबाजूला कोणी नाही. रिव्हर नावाची जरा हललेली मुलगी घाबरलेल्या पाद्रीबाबांना धीर देते, की हवा संपून तुम्ही मरणार नाही. त्याआधी थंडीने गोठून मरू आपण.

पण मला आठवली ती दुसरीच गोष्ट. मालिकेच्या मूळ पहिल्या भागात केली कप्तानाला म्हणते की नवी कॉम्प्रेशन कॉइल मिळाली तर फार बरं होईल. मॅल म्हणतो, मलाही लंडिनम ग्रहाचा राजा होऊन चकचकीत टोपी घालायचीय. संपला विषय. आता गंमत अशी की वाहिनीला तो पहिला भाग आवडला नाही, म्हणून तो दाखवला सगळ्यात शेवटी, 20 डिसेंबरला. तुटण्याचा भाग 25 ऑक्टोबरला होऊन गेला होता. म्हणजे प्रेक्षकांनी आधी ते तुटताना पाहिलं आणि दोन महिन्यांनी ते मागितलेलं ऐकलं. वाहिनीच्या डोक्यात असं काही नसणार, पण संसारात क्रम हाच असतो. कोण काय मागत होतं ते तुटल्यावर ऐकू येतं.

महाबळेश्वरचा बंगला मला चांगलाच ऐकू येत होता.

आमच्या लहानपणी एकच टाकी असायची. नवी जोडली की आई कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने 'गॅस' लिहायची, आणि पंचवीस दिवस झाले की घरात दबकं वातावरण. आंघोळीचं पाणी बंबावर. पापड भाजायचे ते रॉकेलच्या स्टोवर. ओलं फडकं टाकीवरून फिरवून किती उरलाय ते बघायचं, जिथवर ओल उशिरा वाळते तिथवर गॅस. हे काम माझं होतं आणि मी ते शास्त्रज्ञासारखं करायचो.

एका होळीला पुरण अर्धवट आटलेलं असताना गॅस गेला. डाळ शिजलेली, गूळ पडलेला, पातेल्यात नुसता पिवळा चिखल. आईने टाकी आडवी केली, उभी केली. लायटर खटखट, खटखट. मग पदराने कपाळ पुसलं आणि परत खटखट. आई कोणाकडे काही मागायला जाणाऱ्यातली नव्हती. तेवढ्यात समोरच्या काकू दारात. हाताला रॉकेलचा वास, मागे त्यांच्या घरातून पंप मारलेल्या स्टोचा भरभर आवाज.

"अगं, मघापासून ऐकतेय. आण इकडे पातेलं."

आई म्हणाली, "नको हो, तुमचं रॉकेल..."

"आण म्हटलं ना. खाली लागेल ते."

पुरण त्यांच्या घरी आटलं. पहिली पोळीही तिकडेच गेली.

मॅलकडे एक बटण असतं. सगळ्यांना दोन छोट्या यानांतून तो पिटाळतो, स्वतः मागे राहतो, आणि जाताना यान चालवणारा वॉश सांगतो की काही जमलं तर हे बटण दाब, मग आम्ही परत येऊ. भंगारवाले येतात, त्यांच्याकडे तो भाग असतो, ते त्याच्या पोटात गोळी घालतात, तरी तो त्यांच्याकडून भाग काढून घेतोच, सरपटत जाऊन बसवतो, इंजिन सुरू करतो. बटणापाशी पोचतो आणि दाबायच्या आत कोसळतो. डोळे उघडतो तर सगळे भोवती. मी बोलावलं का तुम्हाला, विचारतो. नाही, म्हणतात.

खरं तर शेवट तो नाहीच. शेवटी मागे जातो तो भाग, जुन्या यानांच्या बाजारात. विक्रेता एका यानाचे गुण गातोय, आणि मॅलची नजर त्याच्या खांद्यावरून लांब एका कोपऱ्यात पडलेल्या सेरेनिटीकडे. मॅलचा उजवा हात असलेल्या झोईने ती पहिल्यांदा बघून विचारलेलं असतं, की हिच्यासाठी पैसे मोजलेत? मुद्दाम?

एका अंतराळवीराने 2007मध्ये या मालिकेच्या डीव्हीडी अवकाशस्थानकावर नेल्या होत्या. 'आउट ऑफ गॅस' तिथे बसून बघायचा म्हणजे कमालच आहे.

फोनवरून नंबर लावला. दोन दिवस लागतील म्हणाले. बायकोला कळवलं नाही. पातेल्यावर साय धरली होती. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद असतात, आणि समोरच्यांचं आडनाव मला पाटीवरून माहीत आहे.

मी परत दोनदा लायटर खटखटवला. उगीच.